हलायचं नाही

चौकात सिग्नल पिवळा झाला तेव्हा तिनं उजवा पाय ब्रेकवर ठेवला आणि पायाखाली ब्रेक नव्हता. पाय जागेवर होता, ब्रेकही जागेवर होता, फक्त दोघांची चुकामूक झाली होती. बुटाचा तळ पेडलच्या कडेला घासून खाली उतरला आणि रबरी चटईवर जाऊन बसला, जणू त्याला पहिल्यापासून तिथंच जायचं होतं. बस पुढं सरकत राहिली. समोरच्या मोटारीचा लाल दिवा मोठा मोठा होत होता. मग तिच्या हातानं काय ते केलं. हात हँडब्रेककडे गेला, बसला एक हिसका बसला आणि ती थांबली. मागं उभी असलेली माणसं एकमेकांवर आदळली, कुणाची तरी पिशवी पडून बटाटे सीटखाली घरंगळले. कंडक्टर मागून ओरडला, "काय बाई, ब्रेकवर रुसलात की काय आज?" लोक हसले. तीही हसली. वरच्या आरशात तिला आपले दात दिसले, आणि दातांच्या वर दोन डोळे दिसले ते हसत नव्हते. तिनं पायाकडे बघितलं. पाय निवांत होता. इतकी वर्षं हा पाय न सांगता कामाला जात होता, घरातल्या जुन्या माणसासारखा, त्याला कधी काही सांगावं लागलं नव्हतं. आता तिला त्याला सांगावं लागणार होतं: उचल, डावीकडे घे, थोडं पुढं, दाब. सिग्नल हिरवा झाला तेव्हा मागच्या गाड्या भोंगे वाजवत राहिल्या आणि ती आपल्याच पायाची मनधरणी करत बसली.

त्या दिवशी उरलेल्या फेऱ्या तिनं कशा केल्या ते तिचं तिला माहीत. प्रत्येक थांब्याच्या कितीतरी आधी वेग कमी करायचा, प्रत्येक वळणावर जीभ दातांत धरायची. प्रवासी कुरकुरले, आज बाई बैलगाडी हाकतायत. तिला ऐकू येत होतं, पण त्याच वेळी तिला एक भिंत दिसत होती. लहानपणच्या घरातल्या बोळाची भिंत, पिवळसर चुन्याची, आणि तिच्यावर कमरेच्या उंचीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला काळपट पट्टा. तो आईच्या तळहाताचा पट्टा होता. आई भिंतीला हात लावून चालायची. आधी फक्त जिन्यापाशी, मग बोळभर, मग घरभर. नावेत उभं राहिलेलं माणूस चालावं तशी ती चालायची, पाय फाकवून, जमीन हलतेय असं समजून. ती काचसामानाच्या दुकानात कामाला होती. एके दिवशी तिच्या हातून पेल्यांचा अख्खा खोका गेला, आठवड्यानं दुसरा गेला, आणि मालकानं तिला हात जोडले. शेजारच्या बायका खालच्या आवाजात म्हणायच्या, "घेते वाटतं." आई कधी थेंबालाही शिवली नव्हती. मग तिचं बोलणं जड झालं, तोंडात कढत घास असल्यासारखं, आणि शेवटी ती खाटेवर पडली ती पडलीच. डॉक्टर म्हणाले नसांचा अशक्तपणा, टॉनिक द्या. ताई तिला भरवायची आणि ती आंघोळ घालायची, अशी दोघी बहिणींची वाटणी होती. आईची मान डुगडुगायची, चमचा ओठांवर आपटायचा, आणि ताई एका हातानं आईची हनुवटी धरून म्हणायची, "हलायचं नाही हं आई, एकच घास." आई डोळ्यांनी हो म्हणायची आणि मान हलतच राहायची. आई गेली तेव्हा ताई नुकती कामाला लागली होती आणि ती शाळेत होती. त्यानंतर दोघी आईबद्दल पुष्कळ बोलल्या, तिच्या आवाजाबद्दल, तिच्या हातच्या शिवणाबद्दल, पण त्या चालण्याबद्दल कधी नाही. जसं काही चालणं हा आईचा भागच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि नसांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर तरुण होते, बोलताना नजर चुकवत नव्हते. त्यांनी तिला त्यांच्या बोटाला आणि मग आपल्या नाकाला आळीपाळीनं बोट लावायला सांगितलं. तिचं बोट नाकाच्या जवळ आलं आणि शेवटच्या क्षणी गालावर टेकलं. "परत," डॉक्टर म्हणाले. परत गालावर. तिनं हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, "नाकच सरकलंय बहुतेक." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आईबद्दल विचारलं. ती सांगत गेली आणि सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपण मेंदूचा एमआरआय करू. आत्ताच काही ठरवून बसू नका." ती बाहेर आली, पायऱ्यांपाशी थांबली, आणि तिचा हात आपोआप भिंतीकडे गेला. तिनं तो चटका बसल्यासारखा मागं घेतला.

ताईला तिनं फोन केला. ताईशिवाय कुणाला करणार? नवऱ्याचं आणि तिचं केव्हाच फाटलं होतं, मुलगी कॉलेजात, तिला उगाच कशाला घोर. ताईनं सगळं ऐकलं. "नको करूस," ताई म्हणाली.

"नको म्हणजे?"

"म्हणजे नको. पाय घसरला एकदा. कुणाचा घसरत नाही? ते चित्र काढून काय मिळणारे तुला? औषध आहे का त्यावर? मग?"

"ताई, मला कळायला नको?"

"तुझं कळलं की माझंही कळतं," ताई म्हणाली. "एका आईच्या आपण." आणि फोन ठेवला. ताई भित्री नव्हती. ताईनं आईची हनुवटी धरली होती, ताईनं आईचे डोळे मिटले होते. त्याच ताईला आता आपल्या धाकट्या बहिणीच्या आजारापेक्षा स्वतःची झोप मोलाची वाटत होती. तिला राग आला, आणि रागाच्या तळाशी असं एकटेपण होतं की त्यापुढं राग बरा.

म्हणून ती एकटीच गेली. तळघरातली खोली, लांब बोळ, गार हवा. टेक्निशियन बाई चाळिशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी पाठ झालेले प्रश्न विचारले आणि तरी प्रत्येक उत्तराला थांबल्या. पेसमेकर? कानात काही बसवलंय? कधी ऑपरेशन, आत क्लिप, पट्टी, स्क्रू? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता? दिवस गेलेत का? "लपवू नका हं बाई, चुंबक कायम चालूच असतं. ते कुणाचं ऐकत नाही." कानातलं काढलं, केसांतल्या पिना काढल्या, घड्याळ, फोन, बसचा पास, हूक असलेले आतले कपडेसुद्धा. अंगठी बोटातून निघेना, साबण लावून काढली. प्रत्येक वस्तू ट्रेमध्ये पडताना तिला वाटत होतं आपण कमी कमी होत चाललोय. आईलाही शेवटी असंच उतरवून ठेवलं होतं, बांगड्या, कानातलं, सगळं, कापडात अडकतं म्हणून. टेबलावर आडवं झाल्यावर टेक्निशियन बाईंनी कानात बोळे घातले, त्यावर हेडफोन, आणि तोंडावर एक पांढरा पिंजरा बसवला. हातात रबराचा फुगा दिला. "अगदीच असह्य झालं तर दाबा. पण शक्यतो नको. आणि हलायचं नाही हं."

हलायचं नाही हं. टेबल सरकलं. तिनं डोळे उघडले, आणि नाकाच्या इतक्या जवळ छत होतं की तिचाच श्वास त्यावरून परत तिच्या ओठांवर येत होता. मग आवाज सुरू झाला. कुणीतरी आतून पत्रा ठोकत होतं, मग ठोकणं थांबून घरघर, मग कर्कश एकसुरी भोंगा, बसचं दार अडकतं तेव्हा वाजतो तसा. दार उघडा, तिला वाटलं, दार अडकलंय, कुणाचा तरी हात दारात आहे. ती स्वतःला समजावत होती, हे यंत्र आहे, बाहेर बाई बसलीय, तू मोठी बाई आहेस, तू रोज एवढी मोठी बस चालवतेस. पण पाठीखाली खाट होती, आईची खाट, आणि आई अशीच छताकडे बघत वर्षानुवर्षं पडून होती, आत सगळं कळत असताना, आणि त्या दोघी पोरी तिच्या डोक्याशी उभ्या राहून तिला सांगत होत्या हलायचं नाही. तिला पहिल्यांदा कळलं की आईला काय वाटलं असेल. ते कळायला नको होतं. छातीवर कुणी बसलं आणि तिच्या मुठीनं तिला न विचारता फुगा दाबला. एकदा, परत एकदा, दाबतच राहिली, टेबल बाहेर आल्यावरही दाबतच राहिली. टेक्निशियन बाईंनी पिंजरा काढला. तिचा चेहरा घामानं आणि डोळ्यांतल्या पाण्यानं भिजला होता. "चित्र आलं का?" तिनं विचारलं. "नाही हो, हललात तुम्ही." बाई रागावल्या नाहीत. "पुष्कळांचं होतं असं. उद्या दुपारी या. कुणाला तरी बरोबर आणा, आत बसू देते मी. डॉक्टरांना विचारून एक गोळी घेता येईल, पण मग स्वतः गाडी चालवत यायचं नाही." तिला हसू आलं. गाडी चालवत! हसू थांबेना, आणि बाई काळजीनं तिच्याकडे बघत राहिल्या.

तिथून ती घरी गेली नाही. तिचे पाय तिला ताईकडे घेऊन गेले, रस्त्यात दोनदा अडखळून. भावजी कामावर होते. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. ताईचं पार्लर होतं, चांगलं चाललेलं, पण उभं राहून पाय दुखतात म्हणून तिनं ते बंद केलं होतं आणि तेव्हापासून ती दिवसभर या खुर्चीत असायची. धाकटीचा चेहरा बघून तिनं काही विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "बस." आणि ती बसली आणि सगळं भडाभडा बोलून गेली, पिंजरा, छत, भोंगा, आई, फुगा. "जमलं नाही मला. मला ते जमणारच नाही, ताई. मी मरेन आत."

ताई खिडकीबाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "आत डोळे उघडले होतेस ना?"

"हो."

"तिथंच चुकलं. बाहेर असतानाच मिटायचे, पिंजरा तोंडावर बसवायच्या आधी. छत किती जवळ आहे ते एकदा बघितलं की मग मिटलेल्या डोळ्यांनाही तेच दिसतं. त्यांना सांग, डोळ्यांवर घडी ठेवा. ठेवतात. पांघरूण मागून घे, आत गारठा असतो, आणि गारठलं की अंग थरथरतं. तो आवाज ऐकून वाटतं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं नसतं, तो तसाच असतो. मधेच सगळं थांबतं, आणि वाटतं झालं. तेव्हा झालेलं नसतं गं. तेव्हाच माणूस हलतो. गिळायचं, खोकायचं असेल तर आधी बाईला विचारून तेव्हाच उरकून घ्यायचं, पण डोकं नाही उचलायचं. आणि श्वास आत घेण्याकडे लक्ष नको देऊ, सोडण्याकडे दे."

ती ऐकत होती. लहानपणी ताई पोहायला शिकवायची तसंच शिकवत होती, एकेक गोष्ट, घाई न करता.

"ताई, तुला कसं माहीत?"

"टीव्हीवर दाखवतात."

"टीव्हीवर गारठा कळतो?"

टेबलावर चहाचा पेला होता, अर्धाच भरलेला. ताईनं तो उचलायला हात पुढं केला. हात पेल्याच्या पलीकडे गेला, परत आला, अलीकडे थांबला, मग बोटं पेल्यावर आदळली. तिनं दुसरा हात आणला, दोन्ही हातांत पेला धरला, आणि धाकटीच्या डोळ्यांत बघत एक घोट घेतला. हनुवटीवरून चहा ओघळला. तो तिनं पुसला नाही. बघ, असं जणू ती म्हणत होती. घे, बघून घे.

"कधीपासून?"

"पार्लर बंद केलं तेव्हापासून. त्याच्या थोडं आधीपासून. एका बाईच्या कानाला कात्री लागली." ताईचा आवाज सरळ होता. "एमआरआय झाला, रक्ताची तपासणी झाली. आईचंच आहे. ह्यांना माहीत आहे. मला मूल नाही याचं आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तुझी गाडी रुळावर होती. पोरीचं शिक्षण, तुझी नोकरी. म्हटलं जितके दिवस सुखात जातील तितके जाऊ देत. निम्म्या जणांना होतच नाही, डॉक्टर म्हणाले. म्हटलं ही त्या निम्म्यात असेल. मी देवाशी भांडले त्यासाठी, माझं झालं ना, मग हिला सोड. तू काल फोन केलास तेव्हा..."

"मी बस चालवते, ताई!" ती ओरडली. तिला स्वतःलाच दचकायला झालं. "माणसं भरून घेऊन जाते मी. शाळेची पोरं असतात त्यात. परवा पाय चुकला. समोर मोटारीऐवजी पोर असतं तर? तुझ्या त्या चार सुखाच्या दिवसांत मी कुणाला तरी चिरडलं असतं, आणि मला कळलंही नसतं की का!"

ताईनं मान खाली घातली. म्हणाली, "तेवढा विचार नाही केला गं मी. तू एवढीच दिसत होतीस मला."

तिला तिथून उठून जायचं होतं. दार आपटून, कायमचं. पण तिच्या समोर ताईची हनुवटी ओली होती, आणि तिचा हात रुमाल घेऊन पुढं गेला, एकदा गालाला लागला, मग हनुवटी सापडली. दोघींनी ते बघितलं. दोघींपैकी कुणी तरी आधी हसलं, कुणी ते सांगता येणार नाही, आणि मग त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून, आई गेली तेव्हाही रडल्या नव्हत्या अशा, तोंडं उघडी टाकून रडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आली. टेक्निशियन बाईंनी ताईलाही तेच सगळे प्रश्न विचारले आणि तिचीही कानातली, पिना, घड्याळ उतरवून घेतलं, तिच्याही कानात बोळे घातले. आत तिला टेबलाच्या पायथ्याशी स्टूल दिलं. या वेळी धाकटीनं डोळे बाहेरच मिटले. घडी, पांघरूण, फुगा. टेबल सरकलं. तिच्या पायाला ताईचा हात शोधत आला, पोटरीवर आपटला, निसटला, परत आला आणि घोट्यावर घट्ट बसला. पत्रा ठोकायला सुरुवात झाली. ती श्वास सोडत राहिली. भीती गेली नव्हती. ती तशीच होती, तिच्या शेजारी आडवी, पण आता तिला नुसती तिच्याबरोबर पडून राहायचं होतं. मधेच सगळं थांबलं आणि तिला वाटलं झालं, आणि ताईची बोटं घोट्यावर दाबली गेली: नाही झालं. ती हलली नाही. ती आतल्या आत एकच गोष्ट म्हणत होती, काही निघू देऊ नको, माझ्यासाठी म्हणत नाही, घरी पोरगी आहे, तिच्यासाठी तरी काही निघू देऊ नको. आवाजाला ती गोष्ट ऐकू जात नव्हती. आवाज आपलं काम करत होता.

टेक्निशियन बाईंनी चित्रं चांगली आली म्हणून सांगितलं. काय दिसलं ते सांगितलं नाही. ते सांगायचं काम डॉक्टरांचं. पण अंगठी हातात देताना त्यांनी तिची मूठ आपल्या दोन्ही हातांत क्षणभर धरून ठेवली, आणि तिला कळलं.

डॉक्टरांनी पडद्यावर चित्र लावलं. मानेच्या वर, मागच्या बाजूला, लहान मेंदू. जिथं भरलेलं असायला हवं तिथं काळी फट होती, आणि फटीफटींत पाणी. "हा भाग आक्रसलाय," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही दाखवलेल्या बहिणीच्या चित्रासारखाच. रक्ताची तपासणी करू म्हणजे नक्की होईल. पण मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही." औषध? हे थांबवणारं नाही. व्यायामानं पुष्कळ दिवस तोल सांभाळता येतो, बोलण्याचाही सराव असतो. गाडी? डॉक्टरांनी पडदा बंद केला. "गाडी नाही. आजपासून नाही." आणि मुलगी? "निम्मी शक्यता. तपासणी करायची की नाही ते तिनं ठरवायचं, ती सज्ञान झाल्यावर. तुम्ही नाही." ती मान डोलवत होती, जशी काही दुसऱ्याच कुणाच्या मुलीची गोष्ट चालली होती. त्याच संध्याकाळी ती डेपोत गेली आणि साहेबांना सगळं खरं सांगितलं. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. तिकीट खिडकीवर जागा करून देतो म्हणाले. कंडक्टर दारात उभा होता, त्यानं ऐकलं होतं. तिच्या जेवणाचा डबा गाडीतच राहिला होता, तो त्यानं आणून दिला आणि तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालत आला, एक हात तिच्या कोपराजवळ, न लावता.

ती घरी पोचली तेव्हा उजेड होता. वाटेत तिनं ठरवलं होतं, आज नाही सांगायचं. पोरीची परीक्षा होऊ दे. मग सुट्टी होऊ दे. मग आणखी काहीतरी होऊ दे. ताईनं जे केलं ते किती सोपं होतं, कसं पायाखालच्या उतारासारखं माणसाला आपोआप घेऊन जातं, हे तिला दारात चपला काढताना कळलं. पोरगी आधीच आली होती. तिनं आईला बघून चहा टाकला, कॉलेजातलं काहीतरी सांगत सांगत, एका मैत्रिणीची टर उडवत, मधेच स्वतःच खुदखुदत. आई हसली. पोरीनं चहा गाळला, कप बशीत ठेवला, बोलता बोलता मागं वळून बघत तो आईपुढं आणला, आणि टेबलावर ठेवताना थोडा चहा बशीत सांडला. कुणाच्याही हातून सांडतो तेवढा. बोलण्याच्या भरात असलेल्या कुठल्याही पोरीच्या हातून. तिला हे माहीत होतं, पूर्ण माहीत होतं. तरी तिचे डोळे बशीतल्या चहावर गेले, तिथून बोटांवर, बोटांवरून मनगटावर, आणि तिथंच खिळून राहिले.

पोरीचं बोलणं थांबलं. तिनं बशीकडे बघितलं, मग आईकडे.

"आई," ती म्हणाली, "माझ्या हाताकडे अशी का बघतेस?"

तिनं तोंड उघडलं. जिभेवर दुसरंच उत्तर येऊन तयार बसलं होतं, गोड, बिनधोक. ते तिनं गिळलं आणि शेजारची खुर्ची पायानं बाहेर सरकवली. पाय चुकला, खुर्चीच्या पायाला आपटला. तिनं तो परत उचलला.

"बस," ती म्हणाली. "सांगते."